दिलेली भिंत

वहिनींचा अबोला दुसऱ्या आठवड्यात शिरला होता आणि घरातल्या भांड्यांना त्याची सवय झाली होती. चहा झाला की कपबशी दादांसमोर जरा जोरातच ठेवली जाई, जेवायला ताट वाढण्याऐवजी सरकवलं जाई, आणि अगदीच काही सांगायचं असेल तर ते भिंतीवरच्या घड्याळाला सांगितलं जाई.

"टर्पेंटाइनचा डबा चुलीजवळ ठेवू नये, एवढं तरी माणसाला कळावं," वहिनी घड्याळाला म्हणाल्या.

दादांनी मुकाट्याने डबा उचलून बाहेरच्या खोलीत नेला. बाहेरची खोली म्हणजे दुकान. तिथे अर्धवट रंगवलेल्या पाट्या, फुटके कप भरून ठेवलेले ब्रश आणि रंगाचा वास, जो घरात कुणालाच येत नसे, फक्त पाहुण्यांना येई. गावातली जवळजवळ प्रत्येक पाटी या खोलीतून बाहेर पडलेली होती. आधी वडिलांच्या हातची, मग दादांच्या. पेंटर म्हणून दादांचं नाव होतं, पण बोलण्याच्या बाबतीत माणूस भलताच कंजूष. सबंध दिवसात जेवढे शब्द ते रंगवत, त्याच्या निम्मेही बोलत नसत.

अबोल्याचं कारण घराला चिकटूनच उभं होतं. घराची एक बाजू बस स्टँडकडे तोंड करून होती. दोन मजली उंच, सपाट आणि बिनखिडकीची. खेड्यापाड्यांतून येणारी प्रत्येक बस त्या वळणावर थांबे, आणि उतरणाऱ्या माणसाला समोर बघायला दुसरं काही नसल्यामुळे तो ती भिंत बघे. साबण, चहा, विड्या, सर्कशीतला वाघ, सगळे त्या भिंतीवर नांदून गेले होते. वडिलांनी तिच्यासाठी एकच नियम घालून दिला होता. जो आधी मागेल त्याची भिंत. मागणाऱ्याच्या समोर लाल रंगात अंगठा बुडवायचा आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात उमटवायचा. एकदा अंगठा लागला की मग राजा आला तरी भिंत फिरायची नाही.

यंदा अंगठा लागला होता तो गिरणीवाल्यांसाठी. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पहिल्या विधानसभेची निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच त्यांना तिचा वास आला होता. गूळ कुठे ठेवलाय हे मुंगीला सांगावं लागत नाही. ते आले, भिंत मागितली, दादांनी अंगठा उमटवला आणि विषय संपला. कुणाला भिंत द्यायची हे घरात विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

मग एका रविवारी दादांची धाकटी बहीण प्रसूतिगृहातून ड्युटी संपवून आली, दारात चपला काढता काढता म्हणाली, "मी उभी राहतेय," आणि आत जाऊन हात धुऊ लागली. तिला वाटलं, ऐकून सगळे हसतील. कुणीच हसलं नाही. वहिनींनी तर तिला जवळ घेतलं आणि रडल्या. सासू लवकर गेली तेव्हा ही नणंद एवढीशी होती, तिच्या वेण्या वहिनींनीच घातल्या होत्या. फक्त दादा खुर्चीत बसल्या बसल्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

आज सकाळी घरात बैठक भरली, कारण काल चिन्हं मिळाली होती आणि गिरणीवाल्यांचा निरोप आला होता: काम सुरू करा.

"तराजू!" मधला भाऊ खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाला. त्याचे दोन ट्रक होते, एक कर्णा होता, आणि बहिणीच्या प्रचाराची सगळी सूत्रं त्याने कुणी न देताच हातात घेतली होती. "गिरणीवाल्याला तराजू! ज्याच्या काट्याला आजवर कुणी खरं म्हटलं नाही, त्याला! आणि आपल्याला काय, तर शिडी."

"शिडी काय वाईट आहे?" दादा म्हणाले.

"तिने पाळणा मागितला होता दादा. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केलेली बाई. चिठ्ठ्या टाकल्या, तर पाळणा गेला त्या वकिलाला. लग्न तरी झालंय का त्याचं?"

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज एकदम थांबला. वहिनींना हसू आवरत नव्हतं, पण अबोल्यात हसणं बसत नाही, म्हणून त्या पुन्हा भांडी आपटू लागल्या.

मधला दादांच्या समोर येऊन बसला. "हे बघ दादा. खेड्यातल्या माणसांना नावं वाचता येत नाहीत, ते चित्र बघतात. बाजाराच्या दिवशी अख्खा मतदारसंघ त्या स्टँडवर उतरतो. पण तेही एक वेळ जाऊ दे. लोक काय म्हणतील? बाईला घरचीच भिंत मिळाली नाही. घर विचारत नाही, तर आपण का विचारावं? एका तराजूत निवडणूक संपली की नाही?"

दादांना ते कळत होतं. मधल्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण भिंतीवरच्या चित्राने माणूस कसा फिरतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. रात्र रात्र त्यांच्या डोळ्यासमोरून ती भिंत हलत नव्हती. एका बाजूला वडिलांचा नियम, दुसऱ्या बाजूला जिच्या पायात पहिली चप्पल त्यांनी स्वतः घातली होती ती बहीण. यातलं काहीही मोडलं तरी ते आपल्याच हाताने मोडणार, हे त्यांना दिसत होतं.

"अंगठा लावलाय," ते म्हणाले.

"मग एक कर." मधल्याने आवाज खाली आणला. "काढ तराजू. मस्त काढ. फक्त एक पारडं जरासं खाली घे. एवढंसं. बोलायचं काही नाही. बघणारे आपोआप बोलतील."

आता मात्र दादा हसले, कारण कल्पना खरोखरच फक्कड होती. गावात आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता. पण मग त्यांनी मान हलवली. "वाकडं काम माझ्या हातून होणार नाही."

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. पदराला हात पुसत त्यांनी दिराकडे बघितलं, नवऱ्याकडे नाही.

"भावजी, विचारा त्यांना," त्या म्हणाल्या. "बाहेरच्यांना दिलेला शब्द असतो, तसा घरातल्या माणसांना दिलेला पण असतो ना? मामंजी गेले तेव्हा या पोरीचा हात कुणाच्या हातात दिला होता? तेव्हा अंगठा लावला नाही म्हणून तो शब्द नव्हता का?"

दादा नखातला निळा रंग खरवडत राहिले.

धाकटी आली ती याच वेळी. पहाटे एक अवघड बाळंतपण पार पडलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. दमलेली, पण खुशीत. तिने तिघांचे चेहरे बघितले आणि उभ्या उभ्याच चहाचा कप घेतला.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "नव्या राज्यातली. रडायला तयारच नव्हती, दोन धपाटे द्यावे लागले. इथे कोण रडतंय?"

"आम्ही सगळे," मधला म्हणाला. "भिंतीवरून."

"अजून?" तिने चहाचा घोट घेतला. "दादा, किती दिवस लागतील?"

"अस्तर धरून आठवडा."

"मग आजपासून लाग. आणि तराजू चांगला काढ."

"चांगला काढ?" मधल्याचा आवाज चढला. "तू उभी आहेस का तो?"

"मीच उभी आहे, म्हणून तर सांगते." तिने कप खाली ठेवला. "इतकी वर्षं मी प्रसूतिगृहासाठी एक नळ मागतेय. एक नळ. लांबच्या राजधानीतून परक्या भाषेत उत्तर यायचं की विचार चालू आहे. बाया घागरीने पाणी आणून बाळंत होतात आणि तिकडे विचार चालू आहे. त्या लोकांनी पण शब्द दिला होताच की. आता आपलं राज्य झालंय, आपल्या भाषेत बोलणारं. त्यात पहिल्यांदा निवडून जायला निघालेली बाई भावाला सांगते की दिलेला शब्द फिरव, मला गरज आहे. मग मी त्यांच्याहून वेगळी कशी?"

"राजकारण असं होत नाही गं," मधला कळवळून म्हणाला.

"कसं होतं ते अजून ठरायचंय. तान्ह्या बाळाला पहिल्या महिन्यात जी सवय लावाल ती सुटता सुटत नाही. मांडीवर झोपवायची लावली की मग रोज मांडी. राज्याचं पण तेच असणार. नुकतं झालंय, तर आपण तरी वाईट सवय लावायला नको."

ती आत गेली. वहिनी तिच्या पाठोपाठ गेल्या आणि तव्यावर काहीतरी टाकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने दादा पाणी प्यायला म्हणून आत गेले, तर धाकटी एकटीच मागच्या पायरीवर बसली होती.

"वाईट वाटलं का गं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तिकडे बोलणं वेगळं आणि इथे बसणं वेगळं. मला पण वाटतं ना, बसमधून उतरावं आणि समोर आपल्या दादाच्या हातची माझी शिडी असावी." मग ती हसली. "जा आता. उन्हं चढली की अस्तर भराभरा वाळतं आणि मग तू चिडतोस."

दादा कामाला लागले. पांढरं अस्तर मारलं, खडूची पूड लावलेली दोरी ताणून भिंतीवर चौकोन पाडले आणि बापाच्या वेळची लांब लाकडी शिडी लावून वर चढले. स्टँडसमोरच्या चौकात गर्दी जमायला वेळ लागला नाही.

"पेंटर, घर विकलंत का गिरणीला?" सायकल दुकानवाला ओरडला.

"भिंत दिलीय, घर शाबूत आहे," दादा वरूनच म्हणाले. भर चौकात एवढं लांब वाक्य ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी गिरणीवाले स्वतः आले. बरोबर त्यांचा मुकादम होता आणि मुकादमाच्या हातात फूटपट्टी आणि दोरी. मधल्याच्या डोक्यात आलेली कल्पना गिरणीवाल्यांच्याही डोक्यात न येती तर नवल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"पेंटर, गैरसमज नको," गिरणीवाले म्हणाले, "पण पारडी सारखी आहेत ना, एवढं जरा बघून घेतो."

दादा खाली उतरले. त्यांनी आपला ओळंबा, टोकाला शिशाचं वजन बांधलेला दोरा, मुकादमाच्या हातात दिला. "नुसत्या दोरीने नाही कळायचं. हा घ्या. दांडीच्या मधोमध धरा."

मुकादम शिडीवर चढला, लटपटला, खाली आला, पुन्हा चढला. सगळा चौक माना वर करून बघत होता. शेवटी तो उतरला आणि मालकाच्या कानाशी लागला.

"काय म्हणतो?" सायकल दुकानवाल्याने विचारलं.

"सरळ आहे," मुकादम म्हणाला. "केसाचा फरक नाही."

"मग गिरणीतला काटा पण पेंटरकडूनच रंगवून घ्या शेठ," मागून कुणीतरी म्हणालं आणि चौक खदखदून हसला. गिरणीवाल्यांनाही हसावं लागलं. जाताना ते शिडीपाशी थांबले, तिच्या पायऱ्यांवरून त्यांनी नजर फिरवली, आणि खाकरले.

"ही इथे किती दिवस असणार?"

"काम संपलं की आत जाते," दादा म्हणाले. "आमच्याकडे शिडी बाहेर राहत नाही."

गिरणीवाल्यांनी मान डोलावली. या घरातल्या माणसाने सांगितलं म्हणजे तसंच होणार, हे त्यांनाही माहीत होतं.

शेवटच्या दिवशी दादा डाव्या पारड्याच्या साखळ्या रंगवत होते, तेव्हा खाली बस थांबली आणि तिच्यातून धाकटी उतरली. कुठल्या तरी लांबच्या खेड्यातून येत होती, पायांवर धूळ होती. उतरणाऱ्यांनी तिला ओळखलं आणि तिच्याभोवती कोंडाळं झालं. त्यात एक उंच, मिशा फुटलेला तरुण होता. तिच्या हातून जन्मलेली पहिली पोरं यंदा पहिल्यांदाच मत देणार होती, त्यातला तो एक.

"बाई," तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "एक विचारू? हे घर तुमचं ना?"

"माझं."

"मग भिंतीवर हा तराजू कसा?"

वर दादांचा ब्रश थांबला. याच प्रश्नाच्या भीतीने त्यांनी झोप घालवली होती, आणि तो आता भर चौकात, ते त्या तराजूला टांगल्यासारखे उभे असताना, त्यांच्या बहिणीला विचारला गेला होता.

"गिरणीवाल्यांनी आधी मागितली," धाकटी म्हणाली. "माझ्या भावाने हो म्हटलं. मी नंतर उभी राहिले. आमच्या घरात एकदा हो म्हटलं की काय होतं, ते बघायचं असेल तर बघून घ्या. एवढं मोठं दुसरीकडे कुठे दिसायचं नाही."

कोंडाळ्यातली एक म्हातारी मान वर करून बराच वेळ बघत राहिली. "सुरेख काढलाय गं," ती म्हणाली. "साखळी तर हात लावून बघावीशी वाटते."

"भाऊच आहे तसा," धाकटी म्हणाली आणि पुढच्या बसकडे गेली.

दादांना साखळीची पुढची कडी दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या कामाचा रागही आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी छातीत मावेनात. बहीण एवढी मोठी कधी झाली हे त्यांना कळलंच नव्हतं. आपण तिला शब्द पाळायला शिकवलं म्हणावं, तर ती त्याच्या कितीतरी पुढे निघून गेली होती.

दुपार कलली तेव्हा काम संपलं. दादांनी ब्रश धुतले, डबे आत नेले, दोरी गुंडाळली. मग ते शिडीपाशी आले. उद्या बाजार होता. सकाळपासून बसमागून बस येणार होती. शिडी भिंतीला टेकून उभी होती, तराजूच्या अगदी मधोमध, जमिनीपासून दांडीपर्यंत, अंगावर दोन पिढ्यांचे रंग सांडलेली. चौकातून बघितलं तर आधी तीच दिसत होती.

दादांनी इकडे तिकडे बघितलं, आणि शिडी तशीच ठेवून घरात आले.

मधल्याच्या ते लगेच लक्षात आलं. ट्रक लावून तो चौकात उतरला, भिंत बघितली आणि धावतच घरात शिरला. "दादा! अरे माझ्या दादा!" त्याने भावाला मिठीच मारली. "आणि मी समजत होतो तुला राजकारण कळत नाही!" वहिनीही बाहेर जाऊन भिंत बघून आल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. चहा स्वतः आणून दादांच्या हातात दिला, तोही साखर बघून. पण बोलल्या नाहीत. दादांनी कप घेतला खरा, पण न पिताच बाजूला ठेवला.

धाकटी आली तेव्हा ऊन अजून भिंतीच्या वरच्या कडेवर होतं. ती दारातच थांबली.

"दादा, शिडी बाहेर राहिली."

"रंग ओला आहे," दादा म्हणाले.

"ओल्या रंगाला शिडी लावतात का?"

"राहू दे ना उद्याचा दिवस," मधला मध्ये पडला. "कुणी म्हटलं तर पेंटरचीच शिडी आहे, पेंटरच्या घराला लावलीय. कोण काय करणार?"

ती त्याच्याकडे न बघता दादांसमोर येऊन बसली. दादांनी नजर चुकवली.

"भिंत दिली होती," ते हळूच म्हणाले. "शिडी नव्हती दिली."

क्षणभर तिला हसू आलं. गोळी चोरून खाताना पकडलेलं लहान पोर तिला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण मग तिचा चेहरा बदलला आणि डोळे भरून आले.

"माझ्यासाठी केलंस ते कळतं रे मला. पण गावभर मी छाती पुढे काढून बोलत फिरते, ते कुणाच्या जिवावर? मला भाषण येत नाही, पैसा नाही, पक्ष नाही. माझ्याकडे सांगायला एक तू आहेस. तू असे हिशोब करायला लागलास तर मी उद्या बसमधून उतरून काय दाखवू?"

मधल्याने कपाळाला हात लावला.

दादा उठले. कप तिथेच राहिला. ते बाहेर गेले तशी धाकटीही गेली. ती शिडी एकट्याने आत नेण्यासारखी नव्हतीच. दारातून वळवून, दुकानातून, मागच्या पडवीपर्यंत न्यावी लागे. तिच्या लहानपणी वडील हे काम या दोघांना सांगत. पुढचं टोक तिच्या खांद्यावर, मागचं दादांच्या, आणि मागच्याने पुढच्याला डावं उजवं सांगायचं. धाकटी आपणहून पुढे जाऊन उभी राहिली.

शिडी भिंतीपासून सुटली आणि तराजू पहिल्यांदाच सबंध दिसला. सायकल दुकानवाला हातातलं चाक तसंच धरून बघत राहिला. समोर रसवंतीच्या बाकावर गिरणीचा मुकादम बसला होता, तो उभा राहिला. मधलाही पायात चपला न घालताच बाहेर आला आणि पुटपुटत, चडफडत त्याने शिडीच्या मध्याला खांदा दिला.

"सांग दादा," धाकटी पुढून म्हणाली. "वळू का?"

दादांना सांगायचं होतं. पण पुढे शिडी घेऊन उभ्या असलेल्या तिच्या पाठीकडे बघता बघता डावं उजवं सांगायचंच राहून गेलं. शिडी दारातच अडकली, तिचं टोक चौकटीला लागलं आणि तिघेही तसेच उभे राहिले.

तेव्हा वहिनी दारात आल्या. त्यांनी दाराची दोन्ही कवाडं मागे सारली, पाठ लावून धरली आणि सरळ दादांकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा उजवीकडे घ्या. सावकाश. मी दार धरलंय."